पाहुणीला हाक

चर्र... असा बारीक आवाज झाला आणि दुपारचं निजलेलं घर दचकलं. चिंग-यीने कोंबडीच्या पातेल्यावरचं झाकण तसंच हातात धरून मान वळवली. आरशाच्या वरच्या कोपऱ्यातली निळी चिकटपट्टी सुटून लोंबत होती.

काचवाला सकाळी जाताना बजावून गेला होता, चोवीस तास एकही पट्टी काढायची नाही, आतला गोंद ओला आहे. चिंग-यी स्टुलावर चढली, पट्टी अंगठ्याने दाबून बसवली आणि उगाच काचेला कान लावून उभी राहिली. आत काही सरकत नव्हतं. आतल्या खोलीतून सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता. त्यांच्या पायाशी चार वर्षांची लेक नोक-नोक झोपली होती.

"पडतोय?" लिमने दारातून नुसत्या ओठांनी विचारलं.

"शुभ बोल जरा."

"मी कुठे अशुभ बोललो? विचारलं फक्त."

"विचारू पण नकोस. दादा यायच्या आत कांदापात चीर."

नवरा निमूटपणे पात चिरायला लागला आणि चिंग-यी चार पावलं मागे सरून भिंतीकडे बघत राहिली. या घरात चार पावलं मागे सरलं की पाठ समोरच्या भिंतीला लागायची. आज तसं वाटत नव्हतं. टेबल भिंतीला टेकलेलं होतं, त्याला जोडून आरशातलं टेबल पुढे गेलं होतं. पलीकडे दुसरी खोली, दुसरी खिडकी, आणि त्या खिडकीत समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं आणि त्यावर वीतभर आभाळ. इतकी वर्षं या घरात बसून कुणाला आभाळ दिसलं नव्हतं.

तो-क्वा-वान वस्तीतल्या या चौथ्या मजल्यावरच्या घरात सासूबाई चव्वेचाळीस वर्षं राहिल्या होत्या. शरदातल्या चंद्राच्या सणापासून मात्र त्या रोज संध्याकाळी पिशवीत एक स्वेटर घालून दाराशी उभ्या राहायच्या. "इथे कोंडल्यासारखं होतं ग. उजेड नाही. मी आपली घरी जाते." कुठलं घर, ते त्यांना सांगता येत नसे. आणि गेले नऊ दिवस त्यांनी जेवणच सोडलं होतं. सकाळी चार चमचे पेज, तीही नोक-नोक मांडीवर बसली तर. वाडगा समोर ठेवला की हात मांडीवर घेऊन वाट बघत बसायच्या. कशाची, तेही सांगता येत नसे.

त्यांच्या थोरल्या मुलाने, केईदादाने, मग फोनवर सरळ सांगून टाकलं होतं. "हिवाळ्याच्या सणाला सगळे जमूच. आई टेबलाशी बसून धड जेवली तर मी तोंड उघडणार नाही. नाही जेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ताइ-पोच्या वृद्धाश्रमाला हो म्हणून कळवणार. ते जागा दहापर्यंतच धरून ठेवणार आहेत."

चिंग-यीने हुज्जत घातली नव्हती. सहा वर्षं ती एका कचेरीत लोकांच्या घरांचे नकाशे काढत होती. दोनशे चौरस फुटांत चार माणसं बसवायची तर आरसा कुठे लावायचा, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आणि कुठे लावायचा नाही, तेही. दारासमोर नाही, आलेली बरकत आल्या पावली परत जाते. पलंगासमोर नाही. चुलीसमोर नाही. पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर तर मुळीच नाही. जेवणाच्या टेबलाशी मात्र हवाच, एका कोंबडीच्या दोन होतात. तिने तीन वेळा फूटपट्टी धरून खात्री केली होती. दार नाही, पलंग नाही, चूल नाही, देव्हाऱ्याची उदबत्तीसुद्धा नाही.

"कोण आलंय ग?"

सासूबाई उठून दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. निळ्या जाकिटाची बटणं एक-एक घर सोडून लावलेली.

"कुणी नाही आई, अजून यायचेत सगळे."

"मग ही बाई कोण?"

चिंग-यीने त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. चारही नियम तिने पाळले होते. समोरच्या खुर्चीवर रोज कोण बसतं, एवढं मात्र तिच्या नकाशात राहून गेलं होतं. आरशात निळ्या जाकिटातली एक म्हातारी बाई चौकटीला धरून उभी होती आणि टक लावून इकडे बघत होती.

"लिम," ती दबक्या आवाजात म्हणाली, "चादर आण. मोठी. लवकर."

"कशाला?"

"झाकायचंय. आण म्हणते ना!"

लिम ओल्या हातांनी कपाटाकडे धावला आणि तेवढ्यात खालची घंटी वाजली.

*

बहात्तर पायऱ्या. केईने त्या लहानपणी रोज मोजल्या होत्या आणि आजही मोजत होता. तीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत काढलेल्या माणसाची आई लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहते, यावर त्याचे सोबती अजून हसायचे. तिसऱ्या मजल्यावर तो दम खायला थांबला. मागून बहीण वान येत होती, हातात भाजलेल्या हंसाची पिशवी.

"थांबलास? म्हातारा झालास की रे दादा."

"तुझ्यासाठी थांबलो."

"हो, माझ्यासाठीच. छातीवरचा हात पण माझ्यासाठीच ठेवलाय ना?"

त्याने हात खाली घेतला. छातीवरच्या खिशात आश्रमाचा अर्ज होता. परवा तो एकटाच ताइ-पोला जाऊन आला होता. खोली स्वच्छ होती, खिडकीतून टेकडी दिसत होती, नर्स मऊ बोलत होती. परतीच्या बसमध्ये त्याला रडू आलं होतं आणि ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. आईचं वजन सदतीस किलो होतं. तो आकडा रात्रंदिवस त्याच्या डोक्यात फिरत होता.

"वान, आज मधे पडू नकोस."

"मी कधी मधे पडते? तुम्ही दोघं माझ्या दोन बाजूंना उभे राहता, त्याला मी काय करू?"

दार लिमने उघडलं, काखेत चादरीचा बोळा. केईने आत पाऊल टाकलं आणि थबकला.

"हे काय? घर आहे की केशकर्तनालय?"

"दादा, या ना," चिंग-यी पुढे आली. "आरसा लावलाय. खोली जरा मोठी वाटावी म्हणून."

"वाटावी म्हणून." तो बूट काढत म्हणाला. "आम्ही लिफ्टमध्ये आरसे का लावतो, ठाऊक आहे? लोकांना अडकून पडल्यासारखं वाटू नये म्हणून. पण लिफ्ट तेवढीच राहते, चिंग-यी."

"लोक शांत उभे राहतात ना पण?" वान हंसाची पिशवी तिच्या हातात देत म्हणाली. "मग झालं तर. मला आवडला बाई. दोन वानताई दिसतात, एकीने तरी डाएट करावं."

लिम हसला. केई हसला नाही. तो आईकडे बघत होता. ती टेबलाजवळ पोचली होती आणि आरशासमोर उभी राहून, दोन्ही हात पोटाशी धरून, हळूच कमरेत वाकत होती. समोरची बाईही वाकत होती.

*

किती रीतीची बाई आहे, म्हाताऱ्या सुएत-मुईला वाटलं. आपण वाकलो की तीही वाकते, आपण थांबलो की थांबते. केस पांढरे झालेत, पण भुवया त्याच. डाव्या भुवईतला तो खंड. लहानपणी पाणी भरताना दोघी एकदमच घसरल्या होत्या आणि दोघींना एकाच दगडाने खूण केली होती.

"ताई," ती म्हणाली. "एवढ्या पायऱ्या चढून आलीस?"

ताई काही बोलली नाही. दमली असेल. प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यातून आली की ती अशीच गप्प असायची, आणि तिच्या बोटांना रंगाचा वास यायचा.

"बस," सुएत-मुई म्हणाली आणि बसली. ताईही बसली. बरं वाटलं. तिच्या मागे केवढी तरी जागा होती, खिडकी होती. या लोकांनी एवढं मोठं घर कधी घेतलं कुणास ठाऊक.

*

"ताई?" केईचा आवाज चढला. "कोण ताई? मोठी मावशी? मावशीला जाऊन अकरा वर्षं झाली."

"हळू बोला दादा," चिंग-यी म्हणाली.

"हळू काय? सणाच्या दिवशी आईला भूत दाखवताय तुम्ही! झाक ते, लिम."

लिमने चादर उलगडली. चिंग-यीही तेच करायला निघाली होती, पण आता तिचा हात आपोआप नवऱ्याच्या दंडावर पडला. "थांब. आई घाबरलेल्या नाहीत. बघ ना. आज त्या न सांगता टेबलाशी बसल्या."

खरंच होतं ते. गेले नऊ दिवस त्यांना धरून खुर्चीत बसवावं लागत होतं. लिम चादर धरून मध्येच उभा राहिला, एकदा भावाकडे आणि एकदा बायकोकडे बघत.

"तू कुणाचं ऐकणार आहेस?" केईने विचारलं.

"कोंबडी गार होतेय," लिम म्हणाला आणि चादर खुर्चीच्या पाठीवर टाकली.

जेवण मांडलं. वाफवलेली कोंबडी, आलं-कांदापातीची चटणी, मासा, मश्रूम, वानने आणलेला हंस. आरशात सगळं दुप्पट झालं. झोपेतून उठलेली नोक-नोक गाल लाल करून आजीच्या शेजारी येऊन बसली. आजीने तिच्याकडे पाहून गोड हसून विचारलं, "ही कुणाची पोर ग? गोड आहे." नोक-नोक म्हणाली, "मी नोक-नोक." रोजच सांगायची ती.

मग तिने, घरातल्या सगळ्यांत धाकटीने करायचं ते काम केलं. मोठ्यांपासून सुरुवात करून प्रत्येकाला नावानात्याने हाक. "आजी, जेवा. काका, जेवा. आत्या, जेवा. बाबा, जेवा. आई, जेवा." तिने एका दमात म्हटलं आणि सगळ्यांनी जेवणाच्या काड्या उचलल्या.

आजीने उचलल्या नाहीत. हात मांडीवर.

"आई, घे ना," वान म्हणाली. तिने कोंबडीच्या मांडीचा तुकडा आईच्या वाडग्यात ठेवला. आई त्याच्याकडे बघून मान हलवत राहिली. मग म्हणाली, "ताईला वाडगा?"

"आणते," म्हणत वान उठली.

"वान! खाली बस!" केईने टेबलावर हात आपटला. "मोकळ्या खुर्चीपुढे वाडगा मांडायचा तो गेलेल्यांसाठी. आज, या टेबलावर, आई समोर बसलेली असताना? कळतंय का तुला काय मांडतेयस?"

वान अर्धी उठलेली तशीच राहिली. तिचंही तोंड उतरलं. लिमने खाली बघितलं. ह्या बाबतीत तो भावाच्याच बाजूचा होता, ते चिंग-यीला त्याच्या कानांवरूनच कळलं. कान लाल झाले की तो पळ काढायच्या बेतात असे.

"आई," चिंग-यी सासूबाईंच्या खुर्चीशी खाली बसत म्हणाली, "मावशींना वाडगा आहे. बघा तरी. तुमच्यासारखाच. निळ्या काठाचा."

सासूबाईंनी पाहिलं. ताईसमोर वाडगा होता. त्यात तुकडाही होता. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. हात मांडीवरून वर आला, काड्यांपर्यंत गेला आणि परत मांडीवर गेला.

केईने खिशाला हात लावला. "बघितलंस ना? मी काही शत्रू नाही तिचा, चिंग-यी. तू खूप केलंस. पण हे असं—"

"दादा, एक मिनिट," वान म्हणाली. ती आईकडे नाही, आरशाकडे बघत होती. मग हळूहळू, जणू स्वतःशीच, "तिला कुणी बोलावलंच नाही."

"कुणाला?"

"पाहुणीला! नोक-नोकने सगळ्यांना हाक मारली, तिला नाही मारली. आई कशी जेवेल? तिची थोरली बहीण समोर बसलीय आणि तिला कुणी जेवा म्हणालं नाही. आणि ऐक, हे नऊ दिवस..." वान थांबली. "लिम, रोज हाक मारता तुम्ही?"

लिम आणि चिंग-यीने एकमेकांकडे पाहिलं. नऊ दिवसांपासून नवरा-बायकोच्या कामाच्या वेळा वेगळ्या झालेल्या. नोक-नोक शाळेतून आल्यावर आधीच जेवलेली. आईंचा वाडगा भरून समोर ठेवला जायचा, "खाऊन घ्या हं आई," म्हणून चिंग-यी मशीनला कपडे लावायला जायची. रिकाम्या टेबलाशी एकटी म्हातारी. जन्मभर सासू-सासऱ्यांनी, दिरांनी काड्या उचलल्याशिवाय जिने घास घेतला नाही, ती वाट बघत बसायची की कुणीतरी मोठं येईल आणि सुरुवात करेल.

चिंग-यीने सासूबाईंच्या खुर्चीचा पाय धरला.

"नोक-नोक," वान म्हणाली, "बाळा, समोरच्या आजीला हाक मार. मावशीआजी म्हण."

नोक-नोकने चिंग-यीकडे बघितलं. चिंग-यीने होकाराची मान हलवली. "मावशीआजी, जेवा," पोरगी बारीक आवाजात म्हणाली.

वान म्हणाली, "मोठी मावशी, जेव." लिम म्हणाला, कान लाल करून, पण म्हणाला. चिंग-यी म्हणाली. गेलेल्या माणसाला सणाच्या टेबलावर बोलवायचं, हे केईच्या जिभेवर येईना.

आई त्याच्याकडे वळली. "केई," ती म्हणाली, "तू नाही बोलवत मावशीला? तिच्या पाठीवर वाढलास तू."

चंद्राच्या सणाच्याही आधीपासून आईने त्याला नावाने हाक मारली नव्हती. लिफ्टवाले, असं म्हणायची. आलात का लिफ्टवाले.

केईला एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा तो आरशाकडे वळला, बसल्या बसल्याच थोडा वाकला. समोर त्याला पांढऱ्या केसांची बाई दिसली, तिच्याशेजारी एक टक्कल पडलेला, डोळे भरलेला माणूस.

"मोठी मावशी," तो म्हणाला, "जेव. गार होतंय."

सुएत-मुईने काड्या उचलल्या. पण स्वतःचा घास घ्यायच्या आधी पाहुणीला वाढायला हवं. तिने मांडीचा तो तुकडा उचलला आणि टेबलावर ओणवी होऊन हात लांब केला. ताईही ओणवी झाली, तिनेही तुकडा पुढे केला. काचेवर तुकड्याला तुकडा टेकला, टिक, आणि तेलाचा एक ठिपका उमटला.

"घे ग," सुएत-मुई म्हणाली. ताईचा हात तसाच. "घे म्हणते ना." ताईही तिला तेच म्हणत होती.

"मावशी तुम्हाला देतायत, आई," चिंग-यी म्हणाली. "मोठ्या बहिणीने दिलेलं परत करायचं?"

सुएत-मुई जराशी लाजली. तुकडा मागे घेतला, तो आता ताईने दिलेला होता, आणि तोंडात घातला. समोर ताईही चावत होती. मग भात. मग मासा. वान वाढत होती, तोंडाने बडबडत होती. "हा गालाचा तुकडा बघ आई, लुसलुशीत आहे. मावशी खातेय बघ." लिमने स्वतःचा वाडगा चौथ्यांदा भरला. नऊ दिवस त्यालाही घास गेला नव्हता, ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

केई काही खात नव्हता. तो मोजत होता. आईचे घास. एकवीसपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं आणि हंसाची तंगडी उचलली.

"बाहेरचा असून बरा भाजलाय," तो म्हणाला.

"बाहेरचाच असतो हंस," वान म्हणाली. "घरी कोण भाजतं? तू?"

यावर तो हसला, आणि इतका वेळ हसत राहिला की वानने त्याच्या पाठीत धपाटा घातला. डोळे पुसत तो म्हणाला, "उद्या त्यांना कळवतो. जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणतो." मग धाकट्या भावजयीकडे न बघता, "वसंतापर्यंत तरी. पुढचं पुढे बघू. आणि मी बुधवारी आणि शनिवारी जेवायला येईन. हाका मारायला माणसं हवीत ना टेबलाशी."

"बहात्तर पायऱ्या आहेत दादा," लिम म्हणाला.

"मला सांगतोस?"

तिळाचं सारण भरलेले गोड गोळे आल्याच्या पाकात उकळत ठेवून चिंग-यी भांड्यांपाशी उभी राहिली. नळ सोडला आणि मग तिला कळलं की आपण रडतोय. दुपारपासून, बहुधा नऊ दिवसांपासून अडलेलं. हलकं हलकं वाटत होतं. बाहेर भाऊ-बहीण आश्रमाच्या खिडकीतल्या टेकडीवरून भांडत होते, पण त्या भांडणाला आता धार नव्हती. सासूबाईंचा आवाज मधूनच येत होता, ताईला कसल्याशा जुन्या पाणवठ्याची आठवण करून देणारा.

नोक-नोक येऊन तिच्या पायाला बिलगली.

"आई."

"हं."

"आजीला माझं नाव येत नाही."

चिंग-यीने हात पुसले, खाली बसली. "येतं ग. कधी कधी हरवतं."

पोरीने मान हलवली, ते तिला ठाऊक होतं. तिचा प्रश्न दुसराच होता. तिने आरशाकडे बोट दाखवलं.

"तिकडे मावशीआजीच्या शेजारी पण एक नोक-नोक बसली होती," ती म्हणाली. "मावशीआजीला तिचं नाव येतं का?"